शकुंतला, एक्सपी आणि अडकलेला माल

मंडळी, नव्याकोऱ्या संगणकावर जुनी विंडोज टाकायची म्हटलं की लोक हसतात. नव्या मोटारीला बैलजोडी जुंपण्यासारखं वाटतं त्यांना. पण यवतमाळ, पुसद, वणी अशा गावांतल्या डीटीपीवाल्यांनी हा उद्योग केलाय, आणि तो काही हौस म्हणून नाही. त्यांचा माल जुन्या विंडोजमध्ये अडकला होता. आजचा विकांती लेख त्या मालाबद्दल.

आधी थोडं रेल्वेबद्दल, कारण हा घोळ यवतमाळला नवा नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही साधारण ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या काळात झाली, मुख्यतः कापसासाठी. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाईन लागते, तिच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. म्हणजे डबा तसाच पुढे नेणं अशक्य. कापूस एका गाडीतून उतरवायचा आणि दुसरीत चढवायचा. १९९४ मध्ये शकुंतलेचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण रुळांचं माप तेच राहिलं. आता ती गाडीही बंद आहे. सांगायचा मुद्दा असा, की इंजिन बदललं तरी माप बदलत नाही, आणि माप जुळत नसेल तर हमाली चुकत नाही.

मराठी अक्षरांचंही असंच झालं. वैयक्तिक संगणक आपल्याकडे आले तेव्हा फॉन्टमध्ये जागा होत्या २५६, त्याही मुळात रोमन लिपीच्या हिशेबाने आखलेल्या. त्यात जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार बसवायचे कुठे? मग रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे काढून ठेवले. संगणकाच्या लेखी फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा, फॉन्ट लावला की पडद्यावर छान मराठी! श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी. म्हणजे एकाच लिपीचे चार-पाच गेज.

सगळ्यांसाठी एकच माप ठरवायचे प्रयत्न तेव्हाही झाले होते, हे विसरू नये. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती. पण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. एक्सपीतही आधी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिचकी मारायची आणि सीडी घालायची, तेव्हा कुठे मराठी नीट दिसायचं. आठवतंय का? :-) पेजमेकरला तर युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. आणि छपाईची दुनिया चालायची पेजमेकरवर.

आमच्या मामांचं यवतमाळात डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, कोणा हौशी कवीचा स्वखर्चाने काढलेला संग्रह. २०१० मध्ये जुना संगणक दमला तेव्हा नवा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. अट एकच.

"कॉम्प्युटर तुह्या मनाचा घे, पण माह्या फायली उघडल्या पाहिजे."

नवा संगणक आला तो विंडोज ७ घेऊन, तीही ६४ बिटची. तिच्यावर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि मामांच्या काही जुन्या सामानाचे इन्स्टॉलर नेमके १६ बिटचे. त्यात फॉन्टच्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या डोंगलचा ड्रायव्हर एक्सपीपुरताच. म्हणून शेजारी एक्सपी.

साधा नियम असा, की जुनी सिस्टीम आधी टाकावी आणि नवी नंतर. कारण नवीला जुनी ओळखता येते, जुनीला नवी कशी ओळखता येणार? एक्सपी बनली २००१ मध्ये, विंडोज ७ आली २००९ मध्ये. आमच्याकडे क्रम उलटा होता. हार्डडिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटचा एक कप्पा असतो, मास्टर बूट रेकॉर्ड. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदीला, उरलेले २ खुणेचे. संगणक सुरू करायची पहिली किल्ली इथे असते. एक्सपी बसताना ही किल्ली आणि चालू पार्टिशनचा बूट सेक्टर आपल्या नावाने लिहून टाकते. मग विंडोज ७ डिस्कवर धडधाकट असूनही दिसेनाशी होते.

त्यामुळे कामाचा क्रम असा ठेवला: आधी सगळ्या फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. मग विंडोज ७ मधूनच तिचं पार्टिशन आखडून घेतलं. एक्सपीच्या सीडीला नव्या साटा डिस्कचा ड्रायव्हर माहीत नव्हता, म्हणून तो मिसळून दुकानातल्या मूळ सीडीवरून नवी सीडी बनवली. एक्सपी बसवली. नंतर विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून बूट सेक्टर परत लिहिला आणि बूटच्या यादीत एक्सपीची ओळ वाढवली. संगणक सुरू केला की दोन नावं, हवं ते निवडा. मामा खूश!

पण मला तेव्हाच जाणवलं, की हा मुक्काम नव्हे, हे मूर्तिजापूर आहे. इथे माल उतरवायचा असतो, साठवायचा नसतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला. त्यानंतरच्या यूईएफआय आणि जीपीटीवाल्या संगणकांवर ३२ बिटची एक्सपी सरळ सुरूच होत नाही. आज व्हर्च्युअल मशीन हाच बरा मार्ग, आणि डोंगल मेलं की तोही अर्धाच.

म्हणून अक्षरांची हमाली करावी लागते. ती वाटते तितकी सोपी नाही. 'जिल्हा' घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी, 'ज' नंतर, जसं डोळ्यांना दिसतं तसं. युनिकोडमध्ये 'ज' आधी, वेलांटी नंतर, जसं आपण उच्चारतो तसं. 'वर्धा'चा रफार जुन्या फॉन्टमध्ये 'धा'च्या पुढे, युनिकोडमध्ये 'ध'च्या आधी. म्हणजे कन्व्हर्टरने नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. शिवाय प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. आणि नंतर माणसाने वाचून तपासायचं ते वेगळंच.

"पीडीएफ करून ठेवली की झालं," असं म्हणणारे बरेच भेटतात. पण जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसायला मराठी, आत तोच चिवडा. त्यात 'यवतमाळ' शोधा, सापडणार नाही. तो कापसाचा फोटो झाला, कापूस नव्हे.

ऑफिसात आपण लीगसी मायग्रेशनच्या मीटिंगा झोडतो, कोणा बँकेचा वीस वर्षांपूर्वीचा व्यवहार हरवू नये म्हणून रात्री जागतो. इकडे एखाद्या शाळेच्या पन्नास वर्षांची स्मरणिका, गावच्या शिक्षकांची नावं, कोणाच्या आजोबांवरचा एकमेव लेख एका पेजमेकर फाईलमध्ये पडून असतो. त्याची दुसरी प्रत बहुतेक कुठेच नसते, कारण हे कोणी मोठ्या ग्रंथालयात पाठवत नाही. जिल्ह्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला उद्या हेच लागणार आहे.

तर मंडळी, यंदा दिवाळीत गावी गेलात की ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे एक चक्कर टाका. मूळ फायली, फॉन्ट आणि एक छापील प्रत, तिन्ही मागून घ्या. छापील प्रत कशाला? कन्व्हर्टरने काय गडबड केली ते ताडून बघायला तीच एक साक्षीदार असते. मामांनी दुकान बंद करण्याआधी आम्ही ३४ स्मरणिका युनिकोडमध्ये आणल्या. अजून बऱ्याच बाकी आहेत, आणि डोंगल अजून चालतंय.