दक्षिणेतल्या ‘ग्रॅनी’ सुईणी

१२. ‘ग्रॅनी’ : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या अनुभवी कृष्णवर्णीय सुईणी. वंशभेदामुळे इस्पितळांची दारे बंद होती, तेव्हा खेड्यापाड्यांतली बाळंतपणे त्यांनीच पार पाडली, गोऱ्यांच्या घरातलीही. १९२१च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर त्यांच्यावर सरकारी देखरेख वाढली. आरोग्य खात्याच्या परिचारिका त्यांची पिशवी उघडायला लावत आणि कात्री, नाळ बांधायचा दोरा, बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, सगळे तपासून पाहत. जॉर्जियाच्या सुईण मेरी कोली बाळंतपणाचे काम किती निगुतीने करत, ते १९५३च्या ‘ऑल माय बेबीज’ या प्रशिक्षणपटात दिसते. तो जरूर पाहावा. पुढे या सुईणींचे परवानेच बंद होत गेले. अलाबामाने १९७६मध्ये तसा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असे मोडीत काढणे हा उघड अन्याय होता. बाळंतपणातला वंशभेद अजूनही दिसतो: २०२३मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांत हे प्रमाण १४.५ होते. या पार्श्वभूमीवर, घरीच बाळंत होऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी आता त्यांच्याच समाजातल्या प्रशिक्षित सुईणी पुन्हा पुढे येत आहेत. मात्र अनेक राज्यांत मेडिकेड ही सरकारी योजना घरच्या बाळंतपणाचा खर्च देत नाही, तो कुटुंबालाच उचलावा लागतो. — संपा.