करवीर (कोल्हापूर) संस्थानातील राखीव जागा (१९०२)

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेला आदेश. या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरावयाच्या होत्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळता उरलेले सर्व लोक ‘मागासलेले’ धरले गेले. आदेशाची खरी ताकद एका साध्या कलमात होती: केलेल्या नेमणुकांचे तिमाही तक्ते प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावयाचे होते. त्यामुळे हुकूम नुसता कागदावर राहण्याची सोय उरली नाही.

१८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. १९१२ पर्यंत हे प्रमाण ९५ पैकी ३५ वर आले.

‘लायकी पाहा, जात नको’ हा आक्षेप तेव्हापासूनचाच. त्यावर महाराजांनी घोड्यांपुढे एकत्र चंदी टाकून, दांडगे घोडे अशक्त शिंगरांना तोंड घालू देत नाहीत, हे दाखविल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. आक्षेपाचा खरा तोडगा मात्र वसतिगृहे व १९१७ चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण हा होता. लायकी घडविण्याची सोय न करता ती मागणे अन्यायाचे, हे त्यांनी ओळखले होते.

हा वाद आजही न्यायालयांत चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने आरक्षणाला सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली. २०२२ मध्ये याच न्यायालयाने आरक्षण गुणवत्तेच्या विरोधात नाही, असे स्पष्ट केले.