रामटेके, राऊत, मेश्राम

वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या देवळीत आणि आसपासच्या गावांत राऊत, वानखेडे, रामटेके, मेश्राम, देशमुख ही आडनावं पदोपदी भेटतात. ती वेगवेगळ्या वाटांनी आली आहेत.

जुन्या काळी माणूस ओळखला जाई तो कामावरून. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ही संतांची नावंच त्याची साक्ष देतात. इंग्लंडातही हेच झालं. तिथल्या स्मिथचा पूर्वज लोहार होता, बेकरचा भटारी. जॉनचा मुलगा मात्र तिथे जॉन्सन झाला. आपल्याकडे बापाचं नाव मधल्या जागी स्वतंत्र उभं राहतं, त्यामुळे त्याचं आडनाव करायची गरज फारशी पडली नाही.

दुसरी वाट गावाची. कोकणात, घाटावर गावाच्या नावाला ‘कर’ लागतो. विदर्भात तो लागतोच, पण नुसत्या एकारावरही भागतं: रामटेकचे रामटेके, नागपूरचे नागपुरे, वानखेडचे वानखेडे. अशी नावं बहुधा गाव सोडल्यावर चिकटतात. रामटेकातच राहणाऱ्याला रामटेके कोण म्हणणार?

तिसरी वाट अधिकाराची. परगण्याचा मुख्य वतनदार तो देशमुख, त्याचा दप्तरदार देशपांडे. राऊत म्हणजे घोडेस्वार. हा शब्द ‘राजपुत्र’वरून झिजत आला.

मेश्राम यांपैकी कशातच बसत नाही. ते गोंडांचं कूळ आहे. तेलंगणात आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, तिथल्या महापूजेचा मान मेश्रामांचा. गोंडांत सोयरीक जुळवताना कुळाचे देव किती, ते आधी विचारतात; देवांची संख्या सारखी निघाली तर लग्न होत नाही. म्हणजे इथे आडनाव नात्यांचा हिशेब सांभाळतं. हेच आडनाव विदर्भातल्या बौद्ध घरांतही आहे.

बोलण्यातली ही ओळख कायमची झाली ती कागदावर. 1862 मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा झाला. पुढे जमाबंदीची दप्तरं, शाळेचे दाखले, खानेसुमारी आली आणि एकदा लिहिलेलं नाव पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेलं. नावाची ही मांडणी अजूनही बदलते आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहिलं जातं.