दारफाळणीचा सण

नर्सीच्या नामदेवांचा वारसा सांगणाऱ्या हिंगोलीच्या श्रोत्यांना उपासाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. एकादशी आपल्या घरची, रोजा शेजारच्या घरचा. आज मी बोलणार आहे तो उपास कोकणातील बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा.

त्यांची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. ग्रंथ गेले, पुढे हिब्रू भाषाही विसरली. ते तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

ज्यू धर्मातील सर्वांत गंभीर दिवस योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. तिश्री महिन्याची ही दशमी पुष्कळदा दसऱ्याच्या सुमारास येते. २०२४ व २०२५ साली तर दोन्ही एकाच दिवशी आले. कोकणात मात्र त्याचे नाव होते 'दारफाळणीचा सण'. फाळणे म्हणजे लावून घेणे. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत निर्जळी उपास, अंगावर पांढरी वस्त्रे, दारे बंद आणि परक्याचा स्पर्श नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दार उघडावे, दानधर्म करावा, आप्तेष्टांस भेटावे. हा आचार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासात नोंदविला. तो ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला.

सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याच्या 'शाआर हारहामीम' या नावाचा अर्थ 'दयेचे द्वार'. तेथे विधिपूर्वक प्रार्थना होऊ लागली. या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेस 'नेईला', म्हणजे द्वार मिटणे, असे म्हणतात. केवळ नावाच्या साम्यावरून दोहोंचे मूळ एक मानणे घाईचे होईल. इतके मात्र खरे की, पोथी नसतानाही घराने उपास राखला होता. पोथी आली, तेव्हा ती कोऱ्या पाटीवर उतरली नाही. धर्माचा इतिहास केवळ ग्रंथांवरून लिहिणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. मागे राहिलेली थोडकी माणसे आजही हा उपास पाळतात. त्यांचे धर्मशास्त्र सांगते की, देवाचा अपराध या दिवसाने धुतला जातो. माणसाचा अपराध मात्र त्या माणसाची समजूत घातल्यावाचून फिटत नाही. म्हणून दार लावणे हा व्रताचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा ते उघडून शेजाऱ्याकडे जाण्यात आहे.