व्यंगातून जन्मलेली नक्षी

तंबाखूशी दख्खनचा संबंध चारशे वर्षांहून जुना आहे. पोर्तुगीजांबरोबर ती या भूमीत आली, आणि १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तेव्हा बादशहासाठी तंबाखू व ती ओढण्याचे रत्नजडित साधन घेऊन गेला. पुढे आपल्याकडे हुक्का दरबारात रुळला आणि मातीची चिलीम शेताच्या बांधावर. हुक्क्याच्या कारागिरीचा मान मात्र बहुधा धातूला मिळाला. तंबाखूसाठी लाकूड हेच मुख्य माध्यम मानून त्याच्या पृष्ठभागाचा कसून विचार झाला तो युरोपात, आणि त्या विचाराचा इतिहास कलाकुसरीची आवड असणाऱ्या कोणालाही विचारप्रवृत्त करील असा आहे.

फ्रान्सच्या ज्युरा पर्वतराजीत सें-क्लोद हे लहानसे गाव आहे. तेथील कातारी पूर्वापार यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा आणि किरकोळ वस्तू करीत. त्या काळी युरोपात पाइप मातीचे किंवा तुर्कस्तानातून येणाऱ्या मीरशॉम या पांढऱ्या मऊ खनिजाचे असत. साधे लाकूड निखाऱ्याने जळते, ही मुख्य अडचण होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कातऱ्यांच्या हाती भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाची गाठ आली. वनस्पतिशास्त्रात त्याला 'एरिका आर्बोरिया' म्हणतात. त्याच्या फ्रेंच नावावरून, 'ब्रुयेर'वरून, इंग्रजीत 'ब्रायर' झाले. खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर वाढणारी ही गाठ कठीण, हलकी आणि सहजी न जळणारी असते. ती खणून काढतात, तासन् तास उकळतात आणि कित्येक महिने सावलीत वाळवतात. गाठ काढली की झुडूप मरते, आणि ती पाइपजोगी होण्यास काही दशके लागतात. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ब्रायरमध्ये एक उपजत दोष आहे. गाठ खडकाळ जमिनीत वाढते, त्यामुळे तिच्या पोटात बारीक खड्डे, पोकळ्या आणि चिरा राहतात. बाहेरून त्यांचा पत्ता लागत नाही. कारागीर ठोकळा कातून, कानस फिरवून, पॉलिश पेपर घासत शेवटच्या टप्प्यावर येतो आणि नेमक्या दर्शनी भागावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र उघडे पडते. त्याने पाइपच्या उपयोगात काडीचाही फरक पडत नाही. पण बाजारात गुळगुळीत, निर्दोष आणि सरळ रेषांच्या लाकडालाच पहिला मान. अशा वेळी काय करावे? ठोकळा फेकून द्यावा, लांबी भरून वर रंग द्यावा, की छिद्र असलेला सारा भागच कोरून खडबडीत करावा? पहिल्या मार्गात झुडपाचे आयुष्य वाया जाते आणि दुसऱ्यात गिऱ्हाइकाची फसवणूक होते. तिसरा मार्ग प्रारंभी दोष लपविण्याचाच एक प्रकार होता, आणि म्हणून खडबडीत पाइप दुय्यम गणला जाई.

या प्रतवारीला धक्का दिला तो लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांनी. १९०७ साली ड्यूक स्ट्रीटवर त्यांनी तंबाखूचे दुकान काढले आणि थोड्याच वर्षांत स्वतःचे पाइप करू लागले. असे सांगतात की, एक पाइप बॉयलरजवळ राहून गेला, उष्णतेने त्याचा मऊ अंश आक्रसला आणि कठीण रेषा उंचावून आल्या. आख्यायिकेत तथ्य किती ते असो. वाळूच्या झोताने लाकडाचा पृष्ठभाग उठावदार करण्याच्या पद्धतीसाठी डनहिल यांनी १९१७ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी तो मंजूर झाला. त्या पाइपना त्यांनी 'शेल', म्हणजे शिंपला, असे नाव दिले. वाळूच्या झोताचे तंत्र त्यांचे नव्हते. बेंजामिन टिल्घमन या अमेरिकन संशोधकाने १८७० मध्येच त्याचे पेटंट घेतले होते, आणि काच व दगड यांवर ते वापरले जात होते. डनहिल यांचे श्रेय एवढेच, आणि ते लहान नव्हे, की त्यांनी ते लाकडाकडे वळविले.

काच सर्वत्र सारखीच कठीण, लाकूड मात्र तसे नाही. वर्षावर्षाच्या वाढीतील मऊ थर झोताने झिजतात आणि कठीण थर कड्यांसारखे उभे राहतात. ठोकळा योग्य दिशेने कापलेला असेल तर पाइपच्या वाटीभोवती एकावर एक वलये उमटतात, आणि त्यांवरून झुडपाच्या वाढीचा अंदाज बांधता येतो. गुळगुळीत पाइपवर हीच वलये जेमतेम दिसतात. नंतर गडद रंग देऊन उंच कडा हलकेच घासतात व त्यावर फिका रंग चढवितात, म्हणजे खोलगट भाग काळे आणि कडा तांबूस दिसतात. बिदरी कामात काळ्या पार्श्वभूमीवर चांदी खुलते, ती किमया हैदराबाद-बीदरकडील वाचकांस परिचित आहेच. तत्त्व तेच, केवळ माध्यम निराळे.

दुसरी परंपरा हाताने कोरण्याची. इटलीतील कांतू येथे कार्लो स्कोत्ती यांनी १९४७ मध्ये 'कास्तेलो' हा कारखाना सुरू केला. त्यांचा 'सी रॉक' हा प्रकार समुद्राने झिजविलेल्या खडकाची आठवण करून देतो. झोताचे काम लाकडाच्या अंगचे वळण वर आणते. येथे मात्र नक्षी कारागिराच्या मनातून येते. दोन्हींना आपापले कौशल्य लागते, पण दोन्ही एक नव्हेत.

आजचे हस्तकारागीर या दोहोंत नाना प्रयोग करतात. कोणी गोल पटाशीने लहान खवले काढतो, कोणी मुठीत खिळ्यांचा जुडगा बसवून टोचे मारतो, कोणी तारेच्या ब्रशने कडा बोथट करतो. काही जण सुंदर रेषा असलेला भाग गुळगुळीत ठेवून उरलेला तेवढा खडबडीत करतात. बंधने मात्र कडक आहेत. वाटीची भिंत पातळ झाली तर ती तापते आणि जळते. दांडी जेथे बसते ती कड झाकून न ठेवल्यास सांधा बिघडतो. झोतासाठीही खरी वाळू आता बहुतेक वापरीत नाहीत, कारण तिच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. तिच्या जागी काचेचे बारीक मणी आले. नवा पोत आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावा, हा तर कोणत्याही सुताराचा शहाणपणा.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ प्रामाणिकपणाशी निगडित आहे. लांबी भरलेला पाइप दिसतो निर्दोष. पण काही काळाने उष्णतेने ती लांबी फिकी पडते वा सुटते, आणि झाकलेले उघडे पडते. खडबडीत पाइप निर्दोष असल्याचा दावाच करीत नाही. त्यात जे व्यंग होते ते नक्षीत विरून गेलेले असते, आणि हाताला पकडही अधिक चांगली मिळते. चाळीस वर्षे वाढलेली गाठ टाचणीएवढ्या छिद्रापायी फेकून देणे हा उधळेपणा, आणि लांबी भरून ती निर्दोष म्हणून विकणे हे असत्य. या दोहोंतून कारागिरांनी काढलेली वाट मला अधिक प्रतिष्ठेची वाटते. निर्दोष गुळगुळीत पाइपचे मोल कमी होत नाही. पण तो बव्हंशी निसर्गाचे दान असतो. खडबडीत पाइपमध्ये निसर्गाने अर्धवट सोडलेले काम माणसाने पुढे नेलेले असते.

तंबाखूचे दुष्परिणाम आता निर्विवाद आहेत, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून आपल्या देशात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. पाइप ओढणारे विरळ झाले हे योग्यच झाले. सें-क्लोदमध्ये त्यांच्या या वारशाचे संग्रहालय आहे. आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबांचा एखादा खडबडीत पाइप जुन्या पेटीत पडलेला असेल. तो टाकून देण्यापूर्वी उजेडात धरून वाटीवर वलये दिसतात का ते पाहावे. दिसली तर ती सावकाश मोजावीत. भूमध्य सागराकाठच्या त्या झुडपाचा जीवनक्रम तेथे लिहिलेला आहे.