विसाव्याचा वार

विश्रांतीचें महत्त्व तोंडानें कबूल करणारे पुष्कळ असतात. परंतु दुसऱ्याच्या विश्रांतीसाठीं स्वतःची थोडी सोय बाजूस ठेवणारे थोडे. रविवारची सुटी सुशिक्षित कुटुंबांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणाला तरी झगडून मिळवावी लागली, याची आठवण सहसा होत नाहीं.

कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांचीं धुराडीं वाढत गेलीं. पण मजुराच्या श्रमास मर्यादा पडली नाहीं. उजाडतां काम सुरू व्हावें व मावळतां थांबावें, हाच सामान्य क्रम होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानें सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाला नऊ तासांची मर्यादा व महिन्याला चार सुट्या दिल्या. प्रौढांस कांहींच दिलें नाहीं. पुष्कळ गिरण्यांतून रविवारींहि मजुरांस यंत्रें पुसण्यासाठीं बोलावीत. अर्धा दिवस तेल व धूळ काढण्यांत गेल्यावर थकलेला मजूर घरीं परते, तो दुसऱ्या दिवशीं पहांटे उठण्याच्या चिंतेसह!

ह्या स्थितीविरुद्ध ज्यांनीं आवाज उठविला, ते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुले यांचे हे सहकारी कांहीं काळ गिरणींत नोकरीस होते; १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांच्या हातीं आलें. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या व पांच हजारांहून अधिक मजुरांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे धाडला. दर रविवारीं पूर्ण सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, वेळेवर पगार, अपघातांत जखमी झालेल्यास मदत, अशा साध्या मागण्या त्यांत होत्या. ‘पूर्ण’ ह्या शब्दांतच सारें मर्म होतें.

सहा वर्षें गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली. तींत दोन स्त्री-कामगारांनींहि भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें साप्ताहिक सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यानें तिला सरकारी आधार मिळाला. महाराष्ट्रांत रविवार हा खंडोबाचा वार. त्याच वारीं आतां गिरणीचा भोंगाहि मुका राहूं लागला. मात्र पुरुष मजुराच्या दिवसास बारा तासांची मर्यादा पडण्यास १९११ साल उजाडावें लागलें.

दुकानांतील नोकरांची पाळी पुष्कळ उशिरां आली. मुंबई प्रांतानें १९३९ सालीं दुकानांसाठीं कायदा केला. त्याची जागा १९४८ च्या कायद्यानें घेतली. आठवड्यांतून एक दिवस दुकान बंद ठेवणें सक्तीचें झालें. हा बंदीचा वार सर्वत्र रविवारच होता असें नाहीं. कोठें सोमवार, कोठें दुसरा एखादा वार असे. परंतु दारास कुलूप लागल्यावर मालक व नोकर दोघेहि मोकळे होत, व शेजारचें दुकान उघडें नसल्यानें गिऱ्हाईक जाण्याची धास्तीहि नसे.

२०१७ च्या महाराष्ट्र कायद्यानें हें कुलूप काढलें. दुकानें वर्षाचे सर्व दिवस उघडीं ठेवण्याची मुभा मिळाली. नोकराचा चोवीस तासांच्या साप्ताहिक सुटीचा हक्क ह्या कायद्यांत राखलेला आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि एकाची सुटी मंगळवारीं, दुसऱ्याची गुरुवारीं, अशी वांटणी झाली म्हणजे काय होतें? बाप घरीं असतो तेव्हां मुलें शाळेंत असतात, व मुलें घरीं असतात तेव्हां बाप गल्ल्यापाशीं उभा असतो. दिवस मिळाला, पण सहवास गेला. शिवाय उघड्या दुकानांत गर्दी झाली कीं, सुटीवरच्या माणसास बोलावणें धाडण्यास वेळ लागत नाहीं. यंत्रें पुसण्यासाठीं मजुरांस बोलावणाऱ्या जुन्या रविवारचाच हा दुसरा अवतार.

गिरणीमालकांस नमविण्यास दहा हजारांची सभा लागली. दुकानाच्या बाबतींत अर्धी सत्ता गिऱ्हाइकाच्या हातीं आहे. जें कापड शनिवारीं घेतां येतें, तें रविवारीं न घेतल्यानें कोणत्याहि घराचें अडत नाहीं. आपल्या घरचा रविवार सुखाचा करतांना तो दुसऱ्या घरच्या ताटावरून उचललेला तर नाहीं ना, एवढें ज्या गृहस्थानें पाहिलें, त्यानें लोखंड्यांचें ऋण कांहीं अंशीं फेडलें असें म्हणतां येईल.