टेपच्या स्क्रूची कुळकथा

जुन्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर गेम लोड होत नसेल, तर जाणता माणूस कॉम्प्युटर उघडायला बसत नाही. तो आधी टेपरेकॉर्डरकडे वळतो. प्लेचं बटण दाबलं की हेड पुढे सरकतं आणि त्याच्या बगलेला स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू दिसतो. पुष्कळ टेपरेकॉर्डरांना पेचकस आत जाण्यापुरतं भोकही ठेवलेलं असतं. कॅसेट चालू ठेवायची, स्क्रू अगदी किंचित फिरवायचा, कान देऊन ऐकायचं आणि आवाज सगळ्यात धारदार झाला की हात काढून घ्यायचा. आपल्याकडे याला ‘हेड सेट करणं’ म्हणतात. घरगुती कॉम्प्युटरच्या दुरुस्तीतलं हे पहिलं कसब, पण त्याचं कूळ कॉम्प्युटरवाल्यांचं नाही, गाणं-बजावणं ऐकणाऱ्यांचं आहे.

फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. लू ओटन्स या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ती तयार झाली होती. पट्टीची रुंदी चार मिलिमीटरहून कमी, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. बोललेलं टिपून ठेवायला एवढं पुरे होतं. गाणी तिच्यावर पुढे आली, आणि आकडे साठवायचे तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते सुचलं गरजेपोटी. १९७५ साली अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या हाती अल्टेअर हा कॉम्प्युटर आला. वीज गेली की लिहिलेला प्रोग्राम पुसला जायचा, आणि फ्लॉपी ड्राइव्हची किंमत सामान्य हौशी माणसाला झेपणारी नव्हती. टेपरेकॉर्डर मात्र घरोघरी होता. त्या वर्षी नोव्हेंबरात ‘बाइट’ मासिकाने कॅन्सस सिटीत बैठक बोलावली आणि तिथून एक रीत ठरली: शून्यासाठी १२०० हर्ट्झचा सूर, एकासाठी २४०० हर्ट्झचा, आणि सेकंदाला ३०० बिट. आकडे असे सुरांत बसले म्हणजे ते कॅसेटवर जातात, आणि रेडिओवरूनही जातात. हॉलंडमध्ये ‘हॉबीस्कोप’ या रेडिओ कार्यक्रमातून प्रोग्राम प्रसारित होत आणि श्रोते ते घरी टेप करून घेत. ती चिरचिर ऐकून ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांनी काय म्हटलं असेल, देव जाणे.

क्लाइव्ह सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. १६ के मेमरीचं मॉडेल १२५ पौंडांना. स्पेक्ट्रमने टेपचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार बिटांवर नेला, तरी मोठ्या मॉडेलची ४८ के मेमरी भरायला चार-पाच मिनिटं लागतच. त्या मिनिटांत काय काय घडतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. आधी एक लांब, स्थिर सूर येतो आणि टीव्हीच्या कडेला लाल-निळसर जाडे पट्टे सरकू लागतात. म्हणजे कॉम्प्युटरला सूर सापडला. मग निळे-पिवळे बारीक पट्टे झरझर उमटतात. पहिल्या तुकड्यात फक्त १७ बाइटांची ओळखपत्री असते: हा प्रोग्राम आहे की चित्र, त्याचं नाव (दहाच अक्षरांचं), त्याची लांबी. दुसऱ्या तुकड्यात खरा माल. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ताळ्याचा एक बाइट असतो. आलेल्या सगळ्या बाइटांशी त्याचा मेळ बसला तर ठीक, नाहीतर पडद्यावर तळाशी ‘आर टेप लोडिंग एरर’ आणि सगळं पहिल्यापासून. स्पेक्ट्रमच्या संदेशांना शून्यापासून नऊपर्यंत आकडे आणि पुढे एपासून आरपर्यंत अक्षरं आहेत. यादीतला शेवटचा संदेश हा, पण सगळ्यात जास्त दिसणारा बहुधा हाच.

यातच त्या स्क्रूचं महत्त्व आहे. हेडमधली केसाहूनही कितीतरी बारीक फट पट्टीशी बरोबर काटकोनात असावी लागते. ती जरा तिरकी झाली की आधी बारीक, तीव्र सूर मंदावतात. गाणं ऐकताना कान हे सांभाळून घेतो, फार तर आवाज दबका वाटतो. स्पेक्ट्रमला मात्र प्रत्येक लाटेची लांबी मोजूनच शून्य की एक हे ठरवायचं असतं, आणि शून्याची लाट एकाच्या निम्म्या लांबीची असते. कड बोथट झाली की मोजमाप चुकतं आणि ताळा फसतो. म्हणूनच मित्राच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आपल्याकडे चालत नसे. तिच्यासाठी स्क्रू फिरवला की आपल्या कॅसेटी रुसत. ज्याला अक्कल होती तो मित्राची कॅसेट एकदा लोड करून लगेच स्वतःच्या टेपवर सेव्ह करून घेई आणि मग स्क्रू पुन्हा जागेवर आणी.

हा स्क्रू आपल्याकडच्या रेडिओ-टेप दुरुस्तीवाल्याला आधीपासून माहीत होता. कॉम्प्युटर मात्र मागून आला. सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं कॉम्प्युटर धोरण आणून वाट मोकळी केली. १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खुद्द सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना अ‍ॅमस्ट्रॅडला विकला होता. घराण्याचा मूळ वाडा विकला जात असताना पुण्यात शाखा उघडली, असाच तो प्रकार. पण स्पेक्ट्रमला लागणारं बाकीचं सामान, म्हणजे टीव्ही आणि टू-इन-वन (रेडिओ-टेप), मध्यमवर्गीय घरात एव्हाना आलं होतं. मॉनिटर नको, डिस्क नको. माझ्या मते स्पेक्ट्रम इथे रुजला त्याचं श्रेय त्याच्या चिपइतकंच त्या टू-इन-वनला आहे.

भिलाईत राहून हे लिहिताना एक धागा सोडवत नाही. इथला पोलाद कारखाना १९५५ च्या सोव्हिएत कराराने आला आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्याच सोव्हिएत देशात ऐंशीच्या दशकात ल्वीवपासून लेनिनग्राडपर्यंत स्पेक्ट्रमच्या नकला झाल्या, परवान्याबिरवान्याची भानगड न ठेवता. लेनिनग्राडच्या सर्गेई झोनोवची नक्कल तर शहराच्याच नावाने ओळखली गेली. पुण्याने कागदपत्रं करून आणलेला आणि लेनिनग्राडने हाताने बांधलेला, दोघेही त्याच कॅसेटवर आणि त्याच स्क्रूवर अवलंबून होते.

आज हौशी माणसं टेपरेकॉर्डर वगळून मोबाइलच सरळ ‘इअर’च्या सॉकेटला जोडतात. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि स्टीरिओऐवजी मोनो केबल वापरायची. यात स्क्रूचं कामच उरत नाही. पण तुमच्या माळ्यावर अजून जुन्या प्रोग्रामांच्या कॅसेटी असतील, विशेषतः स्वतः टाइप करून सेव्ह केलेल्या, तर स्क्रू लागणारच. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा बहुधा विरघळून चिकट झाला असेल, तो आधी बदला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मगच कॅसेट घाला, हेड सेट करा आणि आवाज ४४,१०० हर्ट्झच्या मोनो वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या. एका कॅसेटला सेट केलेलं हेड दुसरीला चालेल असं धरून चालू नका, प्रत्येकीला नव्याने करा. आणि यंदाच करा. पट्टीवरचा लेप सुटून हेडला भुकटी लागू लागली की पेचकसाचा उपयोग नसतो.